जॉबवर्क-चलन सॉफ्टवेअर: कामाच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

२ जून, सोमवार

आजपासून नोंदी ठेवायच्या, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर काय ठरलं ते नंतर कुणालाच सापडत नाही. माणसांची नावं लिहीत नाही, ऑफिसात तसंही गावावरून हाक मारतात, म्हणजे निपाणीकर, खानापूरची, कडोलीवाला असं.

परिस्थिती अशी आहे. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे आणि इकडं तिकडं पसरलेल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपना आमचं जॉबवर्क-चलनाचं (माल दुसऱ्याकडं कामाला पाठवताना सोबत जाणाऱ्या कागदाचं) सॉफ्टवेअर आहे, कोड पायथन-जँगोत आणि डेटाबेस पोस्टग्रेस, प्रत्येकाच्या ऑफिसात एक छोटा उबुंटूचा बॉक्स (म्हणजे सर्व्हरचा कॉम्प्युटर) आणि बाकीचे लोक आपापल्या विंडोजवरून ब्राउझरमध्ये उघडतात. क्लाउडवर चला म्हटलं की मालक म्हणतात पाऊस सुरू झाला की नेट जातंय, मग गाडी गेटवर थांबवून ठेवू काय चलनासाठी, आणि ते बरोबर आहे. पण त्यामुळं झालंय काय की प्रत्येक बॉक्सवर कोडची वेगळी कॉपी आहे. कुणाला चलनावर दोन सह्या पाहिजेत, कुणाला वजन नगाच्या आधी पाहिजे, कुणाला लेबल कन्नडमध्ये पाहिजेत, आणि प्रत्येक वेळी तिथं बसून फोल्डरमध्ये बदल केलेला. आमच्या सर्व्हरवर फोल्डरांची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन सहीवाला' अशी आहेत.

मालकांनी (आमच्या) विचारलंय की नवीन टूल काय काय घ्यावी लागतील. मला वाटतंय आधी टूल नको, आधी हे कळू दे की कुठं काय चालू आहे.

५ जून, गुरुवार

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत गेलो होतो प्रिंटरच्या भानगडीसाठी. तिथं सुपरवायझर अण्णांच्या टेबलावर कोल्हापूरहून परत आलेलं एक कास्टिंग पडलेलं, मशीनिंग करताना आत ब्लो होल (हवेची पोकळी) निघालं म्हणून रिजेक्ट. अण्णांनी त्याच्या अंगावरचा हीट नंबर (कुठल्या वेळच्या ओतण्यातला नग त्याचा नंबर) बघितला, रजिस्टर काढलं, आणि चहा येईपर्यंत सांगितलं की त्या हीटला चार्जमध्ये स्क्रॅप किती, पिग आयर्न किती, स्पेक्ट्रोला (धातूतले घटक मोजणारं यंत्र) कार्बन सिलिकॉन किती आलेला, ओतताना तापमान किती, आणि त्याच हीटचे बाकीचे नग कुणाकडं गेलेत. लगेच दोन फोन लावून ते नग बाजूला ठेवायला पण सांगितले.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "काय ओ इंजिनियर, तुमचं हे सॉफ्टवेअर कुठल्या हीटचं?"

हसलो सगळे. पण ऑफिसला येताना डोक्यात तेच. लोखंड ओतणाऱ्या माणसाला प्रत्येक नग कुठल्या ओतण्यातला ते माहीत असतंय, आणि आमच्याकडं एखाद्या बॉक्सवर चूक निघाली तर तीच चूक अजून कुणाकडं असेल हे सांगायला प्रत्येकाकडं गाडी घेऊन जायला लागतंय. टेस्टिंग, रिव्ह्यू, ऑटोमेशन सगळं करायचं आहे पण पहिलं काम हे.

११ जून, बुधवार

सॉफ्टवेअरवर हीट नंबरसारखा शिक्का बसवला. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) 'डिस्क्राइब' नावाची कमांड आहे, ती शेवटचा टॅग (आवृत्तीला दिलेलं नाव), त्याच्यानंतर किती कमिट (नोंदवलेले बदल) झाले आणि आत्ताच्या कमिटच्या हॅशची (त्याच्या ओळख-नंबरची) सुरुवातीची अक्षरं असं एका ओळीत देते. गिटचा पूर्ण हॅश ४० अक्षरांचा असतो पण ओळखायला पहिली ७ सहसा पुरतात. अजून चांगलं म्हणजे 'डर्टी' चा पर्याय लावला आणि कुणी कमिट न करता फाइलमध्ये हात घातलेला असेल तर शेवटी 'डर्टी' असं चिकटतं.

ही ओळ आता लॉगिन स्क्रीनच्या तळाला येते आणि चलनाच्या प्रिंटवर पण अगदी बारीक अक्षरात खाली येते. निपाणीकर म्हणाला प्रिंटवर कशाला, गिऱ्हाईक विचारतील हे काय म्हणून. विचारू देत की. कागद महत्त्वाचा आहे कारण तक्रार नेहमी कागदाचा फोटो पाठवूनच येते, बॉक्स तोपर्यंत अपडेट पण झालेला असतो, आणि चूक झाली त्या दिवशी काय चालू होतं ते फक्त कागदावरच राहतं.

२० जून, शुक्रवार

सगळ्या कॉप्या एका रेपोत (गिटमधलं कोडचं कोठार) आणायचं काम चालू आहे आणि ते कंटाळवाणं आहे. प्रत्येक बॉक्सवरचं फोल्डर उचलायचं, मूळ कोडशी डिफ मारायचा (ओळीओळीने तुलना), आणि एकेक फरक बघायचा. फरक तीन जातीचे निघतायत. काही खरोखर त्या गिऱ्हाइकाला पाहिजे म्हणून केलेले, उदाहरणार्थ सह्या. काही म्हणजे एका ठिकाणी दुरुस्त केलेली चूक जी बाकीच्यांकडं अजून तशीच आहे (हे बघून जरा गप्पच झालो). आणि उरलेला नुसता कचरा, प्रिंट स्टेटमेंट, कमेंट केलेल्या ओळी, कुणीतरी 'टेस्ट टेस्ट' लिहिलेलं.

प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी ब्रँच (रेपोतच कोडची वेगळी शाखा) ठेवायची काय यावर वाद झाला. कडोलीवाल्याचं म्हणणं ब्रँच ठेवल्या की सोपं. माझं म्हणणं ब्रँच म्हणजे तेच फोल्डर फक्त नाव बदलून, सहा महिन्यांनी परत तिथंच. म्हणून कोड एकच, आणि फरक सगळे सेटिंगमध्ये, डेटाबेसच्या एका टेबलात, 'दोन सह्या: होय', 'वजन आधी: होय', 'लेबल: कन्नड'. कोडमध्ये गिऱ्हाइकाचं नाव कुठंही दिसता कामा नये हा नियम केला आणि तो तपासायला एक छोटी स्क्रिप्टच लावली जी पार्टींची नावं शोधते आणि सापडलं की कमिट अडवते. नुसता नियम लिहून ठेवला असता तर पुढच्या गर्दीच्या दिवशी मोडला असता.

एकत्र करताना काही मोडलं नाही हे कसं कळणार, तर खानापूरच्या पोरीने भारी काम केलं. जुन्या चलनांचा डेटा घेऊन जुन्या कोडने निघालेला प्रिंट आणि नव्या कोडने निघालेला प्रिंट यांची तुलना. सुरुवातीला प्रत्येक पीडीएफ वेगळीच येत होती, कारण पीडीएफच्या आत ती तयार झाल्याची तारीख वेळ लिहिलेली असते, म्हणजे बाइट टू बाइट जुळणं शक्यच नाही. मग आतला मजकूर काढून तो जुळवला. कोड बरोबर आहे का हे यातून कळत नाही, फक्त कालच्यासारखंच वागतंय का एवढंच कळतं. पण दहा-बारा वर्षं चाललेल्या सॉफ्टवेअरला आधी तेवढंच लागतं, कारण काही 'चुका' अशा आहेत की गिऱ्हाइकाचा अकाउंटंट त्याच्यावर हिशोब बसवून बसलाय.

३० जून, सोमवार

सीआय (आपोआप तपासणी) चालू. कोड पुश केला, म्हणजे रेपोत पाठवला, की गिटहब ॲक्शन्सवर टेस्ट आपोआप पळतात, खासगी रेपोला फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला २००० मिनिटं मिळतात, आम्हाला पुष्कळ होतात.

आजच एक गंमत. सकाळी सगळं हिरवं, संध्याकाळी मूळ कोडमध्ये काहीच न बदलता एक नवी टेस्ट लाल. बघतोय तर टेस्टमध्ये 'उद्याची तारीख' लिहिताना आजच्या दिवसात एक मिळवलेला, आणि ३० जून अधिक एक म्हणजे ३१ जून. टेस्ट आज दुपारीच कमिट झालेली पण पहिल्यांदा पळाली संध्याकाळी. दुरुस्त केलं. यापुढं टेस्टमध्ये आजची तारीख वापरायची नाही, तारीख बाहेरून द्यायची. हा नियम पुढं लय उपयोगाला येणार असं तेव्हा वाटलं नव्हतं (हे वाक्य सप्टेंबरात लिहून जोडतोय).

बाहेर धो धो पाऊस, तिसऱ्या रेल्वे गेटला पाणी, लाइट जाऊन येऊन.

९ जुलै, बुधवार

सर्चची तक्रार. एका पार्टीच्या नावात 'ऱ्हा' आहे, अकाउंटच्या मॅडम टाइप करतात तर सापडत नाही, गेटवरचा पोरगा मोबाइलवरून टाइप करतो तर सापडतं. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखं दिसतं.

दिवसभर यातच गेला पण शिकायला मिळालं म्हणून सविस्तर लिहितो. 'ऱ्ह' हे दोन प्रकारे साठवलं जातं. एक म्हणजे युनिकोडमधला स्वतंत्र ऱ, त्याचा नंबर ०९३१, मग हलन्त, मग ह. दुसरं म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं झेडडब्ल्यूजे नावाचं जोडचिन्ह, मग ह. कुठला कीबोर्ड काय टाकेल ते त्याच्यावर. दिसायला एक, बाइट वेगळे, आणि पोस्टग्रेस नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरं जुळवायच्या नियमांत) बाइट बघूनच समान-असमान ठरवतं. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ नावाचं, एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं फंक्शन आलंय, पहिल्यांदा वाटलं तेवढं लावलं की झालं, पण नाही. नॉर्मलायझेशन फक्त र अधिक नुक्ता याला एकत्र करून ऱ करतं, झेडडब्ल्यूजेवाल्याला हात लावत नाही.

म्हणून शोधासाठी वेगळा कॉलम केला. त्यात आधी नॉर्मलाइझ, मग र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसलं की त्याचं ऱ-हलन्त, आणि शेवटी उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाकायची. मूळ नाव मात्र जसं टाइप केलंय तसंच ठेवायचं. निपाणीकर म्हणत होता मूळ नावातूनच काढून टाकू या कटकट मिटेल, पण कन्नडमध्ये र च्या जोडाक्षराचं रूप ठरवायला पण हेच झेडडब्ल्यूजे वापरतात, काढलं तर प्रिंटवर नाव वेगळंच उमटणार, आणि आपल्या भागात नाव चुकीचं छापलं की काय होतंय ते सांगायला नको.

टेस्टमध्ये आता मराठी कन्नड दोन्ही नावांचा डेटा आहे. इंग्रजी 'एबीसी ट्रेडर्स' घालून केलेल्या टेस्टला इकडं काही अर्थ नाही.

१८ जुलै, शुक्रवार

अपडेट करायची पद्धत बदलली. आतापर्यंत कोड तयार झाला की कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन बाइकवरून जाणार. आता बॉक्स स्वतः रात्री बघतो नवीन टॅग आलाय काय, आला असेल तर नवीन फोल्डरमध्ये उतरवून घेतो, बॅकअप काढतो, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालवतो, तपासणी पास झाली तर चालू आवृत्तीची लिंक नव्या फोल्डरकडं वळवतो, नाहीतर जुनीच ठेवून आम्हाला मेसेज टाकतो. जुना फोल्डर तसाच राहतो त्यामुळं मागं यायला लिंक परत फिरवली की बास.

पण कोड मागं आला तरी डेटाबेस मागं येत नाही ही खरी अडचण. म्हणून कॉलमचं नाव बदलणं, काढणं एका झटक्यात करायचं नाही. आधी नवीन कॉलम जोडायचा, मग काही दिवस दोन्हीत लिहायचं, मग वाचणं नव्यावर न्यायचं, आणि जुना कॉलम त्याच्या पुढच्या कुठल्यातरी रिलीजला काढायचा. काम वाढतं, पण कुठल्याही टप्प्यावर मागचा कोड चालतो. पोस्टग्रेस ११ पासून डीफॉल्ट व्हॅल्यूसकट कॉलम जोडला तरी सहसा अख्खं टेबल परत लिहावं लागत नाही, त्यामुळं पहिला टप्पा तरी लगेच होतो.

बॅकअप परत उतरवून बघायची पण स्क्रिप्ट केली, दर आठवड्याला एका बॉक्सचा बॅकअप ऑफिसच्या मशीनवर उतरवायचा आणि मागच्या महिन्याच्या चलनांची बेरीज जुळवायची. उतरवून न बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आमच्या मालकांनी कुठंतरी डोरावाल्यांच्या (सॉफ्टवेअर टीमच्या कामाचा अभ्यास करणारा गट) चार आकड्यांबद्दल वाचलं, किती वेळा रिलीज करता, बदल लिहिल्यापासून चालू व्हायला किती वेळ, रिलीजमधल्या किती मोडतात, मोडलं तर सावरायला किती वेळ. म्हणाले आपण पण मोजू. मोजू की. फळ्यावर चार रकाने आखले.

पण खरं सांगायचं तर पहिल्याच बैठकीत कळलं की वेळ जातोय कुठं. कोड लिहायला नाही. लिहून झालेला बदल कुणीतरी बघायची वाट बघत पडून राहतो, बघून झालेला बदल टेस्टसाठी, टेस्ट झालेला गिऱ्हाइकाच्या 'हो' साठी. पडून राहणं जास्त, काम कमी. म्हणून एकच बदल केला, दुपारी जेवून आल्यावर पहिलं काम दुसऱ्याचा कोड बघायचा, आपला लिहायचा नाही. आणि बघायला दिलेला बदल मोठा असेल तर परत पाठवायचा, तोडून आण म्हणून. मोठा बदल कुणी नीट बघत नाही, वरून खाली स्क्रोल करून 'छान' लिहितात.

एआयचं पण इथंच लिहून ठेवतो. तिघंजण वापरतायत, कोड भराभर येतो, पण त्यामुळं बघायची रांग अजून लांब झाली. टेस्टचा सांगाडा, जुन्या कोडचा अर्थ लावणं याला उत्तम आहे. नियम काय आहे हे त्याला विचारायचं नाही, नियम आपण सांगायचा.

१३ ऑगस्ट, बुधवार

दोन गोष्टी.

कोल्हापूरला मशीनिंगला जाणाऱ्या मालाचं ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीत काढायचं ऑनलाइन बिल). इथं कर्नाटकात राज्यातल्या राज्यात ५०,००० रुपयांच्या वर माल असेल तर लागतं, पण जॉबवर्कसाठी माल परराज्यात पाठवला तर किंमत कितीही असो लागतंच. कोल्हापूरची शिरोली म्हणजे इथून दोन तासांचा रस्ता, पण जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे (राज्याचा कोड) कर्नाटकाच्या २९ चे महाराष्ट्राचे २७ होतात आणि नियम बदलतो. आमच्या कोडमध्ये ही अट किंमतीच्या अटीच्या नंतर तपासली जात होती त्यामुळं बारक्या चलनांना इशाराच येत नव्हता. क्रम बदलला, २९ ते २९, २९ ते २७, २९ ते गोव्याचा ३० अशा टेस्ट लिहिल्या. चंदगडची एक पार्टी आहे जी रोज इकडं येते, बोलणं चालणं सगळं इकडचंच, पण कोड २७.

दुसरं, चलनावरची वजनाची बेरीज काट्याच्या पावतीशी काही ग्रॅमने जुळेना. इथं गिटचं बायसेक्ट वापरलं. चांगला कमिट सांगायचा, वाईट कमिट सांगायचा, तो मधला काढून देतो, टेस्ट पळवायची, परत अर्धं. हजार कमिट असले तरी दहाएक पायऱ्यांत सापडतं. सापडलं ते असं की रिपोर्ट वेगवान करायच्या नादात डेसिमलच्या (नेमका दशांश आकडा) जागी फ्लोट (जवळपासचा आकडा) आलेला. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं पण बेरीज लांबलचक झाल्यावरच बोचतं. दोन महिन्यांपूर्वी फोल्डरांचं राज्य होतं तेव्हा हे शोधायला आठवडा गेला असता.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. निम्मं ऑफिस आत्ताच गायब. मालकांनी विचारलं दहा दिवस रिलीज बंद ठेवू काय. नको म्हटलं, बंद ठेवलं की दहा दिवसांचे बदल एकत्र जाणार आणि मोडलं तर कशाने मोडलं कळणार नाही. बारके बारके जाऊ देत.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी कौन्सिलच्या ५६ व्या बैठकीचं बाहेर आलं. १२ आणि २८ चे टप्पे जाणार, २२ सप्टेंबरपासून. सगळे टीव्हीवर साबण-बिस्किटाचं बघतायत, आमच्या मशीन शॉपवाल्यांचं वेगळंच आहे. कास्टिंगवर आधीपासून १८ आहे, ते तसंच. पण इतर कुठल्या नोंदीत न बसणारं जॉबवर्क, ज्यात यांचं मशीनिंग येतं, ते ऑक्टोबर २०१९ पासून १२ टक्के होतं, ते १८ होणार. म्हणजे आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांची बिलं बदलणार, सगळ्यांची एकाच मध्यरात्री.

कोडमध्ये १२ शोधलं. सेटिंगमध्ये आहे, बिलाच्या हिशोबात आहे, प्रिंटच्या टेम्प्लेटमध्ये सहा अधिक सहा असं थेट लिहिलेलं आहे, एका रिपोर्टमध्ये १.१२ ने भागलंय. कोड एका जागी आहे म्हणून निदान एकदाच शोधायला लागलं.

ठरलं ते असं, दर कोडमध्ये राहणार नाही. टेबल करायचं, सेवेचा प्रकार, दर, कधीपासून. हिशोबाने तारीख द्यायची, टेबलाने दर सांगायचा. मग हे टेबल २२ तारखेच्या आधीच सगळीकडं पोचवता येतं आणि त्या रात्री कुणी जागायची गरज नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. काम शून्य.

९ सप्टेंबर, मंगळवार

शहापूरच्या सीए काकांकडं जाऊन आलो. 'कधीपासून' म्हणजे कुठली तारीख हा प्रश्न होता. काम २० ला झालं, बिल २३ ला काढलं, पैसे महिन्यानंतर आले, तर दर कुठला? काकांनी सीजीएसटी कायद्याचं कलम १४ काढून दाखवलं. काम पूर्ण होणं, बिल, आणि पैसे, या तीन तारखा. कलम वाचायला वाकडं आहे पण सगळ्या शक्यता मांडल्या तर निघतं असं की तिघांपैकी दोन ज्या बाजूला, दर त्या बाजूचा. काम आधी, बिल आधी, पैसे नंतर: जुना. काम आधी पण बिल आणि पैसे दोन्ही नंतर: नवीन. काम नंतर पण बिल आणि ॲडव्हान्स आधीच आलेला: जुना. अशा एकूण सहा शक्यता बसतात, सहाच्या सहा काकांसमोर कागदावर मांडल्या, त्यांनी एकेकावर टिक केली, आणि तोच कागद बघून खानापूरच्या पोरीने टेस्ट लिहिल्या. टेस्टची नावं मराठीत ठेवलीत म्हणजे काकांना पण वाचता येतील.

कडोलीवाल्याने सहज एआयला विचारून बघितलं, त्याने बिलाची तारीख बघा म्हणून छातीठोक सांगितलं आणि तसा कोड पण दिला. दिसायला एकदम स्वच्छ. सहापैकी जिथं बिल एका बाजूला आणि बाकी दोन दुसऱ्या बाजूला तिथं चुकला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आजची गोष्ट रात्रपाळीची. जून अखेरीच्या नियमामुळं आता टेस्टला तारीख बाहेरून देता येते, तर निपाणीकर म्हणाला २१ ची रात्र संपून २२ तारीख लागल्यावर साडेबाराला बिल काढून बघू या. बिलावर दर १८ आला, बरोबर. पण त्याच बिलाचा दिवसाचा रिपोर्ट काढला तर ते २१ तारखेत दिसतंय.

कारण असं, जँगोत टाइमझोन चालू असला की तो पोस्टग्रेसचं कनेक्शन युटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतो, आणि आमच्या रिपोर्टची क्वेरी हाताने लिहिलेली, त्यात डेटाबेसलाच 'आजची तारीख' विचारलेली. आपण युटीसीच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत डेटाबेसच्या लेखी कालचाच दिवस. एरवी हे कुणाच्या लक्षात आलं नसतं कारण त्या वेळेला अकाउंटवाले झोपलेले असतात, पण उद्यमबागेत रात्रपाळी चालते आणि गाड्या पहाटेच निघतात. जिथं जिथं डेटाबेसकडून आजची तारीख घेतलेली तिथं सगळीकडं आता ॲप्लिकेशनकडून भारतीय तारीख जाते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल नोटिफिकेशन आलं. काकांनी बघून सांगितलं आपल्या नोंदीला १८च आहे. टेबलात जे घातलेलं ते तसंच, फक्त 'कच्चा' चा शेरा काढून 'पक्का' केला. बातमीवरून घातलेला दर आणि नोटिफिकेशन बघून घातलेला दर यात फरक पाहिजे म्हणून तो रकाना ठेवलेला, कच्च्या दरावर बिल निघतच नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

सगळ्या बॉक्सचे शिक्के एका पानावर मागवले. सगळे एकच दाखवतायत, एक सोडून. मच्छेचा एक बॉक्स जुन्या आवृत्तीवर आणि शेवटी 'डर्टी'. फोन केला तर कळलं त्यांच्या हार्डवेअरवाल्याने प्रिंटचा मार्जिन बसत नव्हता म्हणून थेट बॉक्सवर जाऊन टेम्प्लेटमध्ये बदल केलेला, त्यामुळं आमच्या स्क्रिप्टने अपडेट नाकारलेलं. नाकारलं ते बरोबरच केलं, पण मेसेज आलेला तो विसर्जनाच्या दिवशी, तीनशे 'मोरया' च्या खाली गेला. दुपारी निपाणीकर गेला, मार्जिनची सेटिंग करून दिली, बदल पुसला, अपडेट झाला. आता असे मेसेज ग्रुपवर येणार नाहीत, बॉक्स मागं राहिला की थेट आमच्या कामाच्या यादीत तिकीट पडेल.

अण्णांना पान दाखवलं शिक्क्यांचं. बघितलं, म्हणाले, "आणि कार्बन किती?" म्हणजे टेस्टचा निकाल कुठाय. चूक नाही, आता शिक्क्यावर क्लिक केलं की त्या बिल्डच्या टेस्टचा निकाल उघडतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. रात्री कुणी जागलं नाही. सकाळी बघितलं तर पहाटेचं पहिलं बिल १८ ने, रिपोर्टमध्ये २२ तारखेतच.

अकराच्या सुमारास फोन, मशीन शॉपवाले एक काका, ऑगस्टच्या बिलातले काही नग रिजेक्ट झाले म्हणून क्रेडिट नोट काढायला गेले तर १८ ने निघतेय. क्रेडिट नोट मूळ बिलाशी बांधलेली असते, दर मूळ बिलाचाच पाहिजे, आणि आमचं टेबल आजची तारीख बघत होतं. सहा शक्यतांच्या कागदावर क्रेडिट नोट नव्हतीच. फोनवरचे काका म्हणाले, "होय ओ, पण आज पाठवायची आहे तेवढी." चूक दाखवणारी टेस्ट आधी, मग दुरुस्ती, मग रिव्ह्यू, जेवणाच्या आधी टॅग. रात्रीची वाट न बघता त्यांच्या बॉक्सवर लगेच उतरवलं, बाकीच्यांवर संध्याकाळी. तोपर्यंत अजून कुणी क्रेडिट नोट काढली होती काय ते प्रिंटवरच्या शिक्क्यावरून शोधलं, एक निघाली, त्यांना फोन करून रद्द करायला लावली.

६ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी-दसऱ्याचे हार अजून बॉक्सवर आहेत, एका ठिकाणी झेंडू थेट फॅनच्या जाळीवर, तो काढायला सांगितला.

पुढची कामं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, गिऱ्हाइकांच्या निम्म्या पीसींवर तेच आहे, कुठल्या पीसीवर कुठला ब्राउझर त्याची यादी लॉगमधून काढायची, विचारत बसायचं नाही. बॉक्सवर पासवर्डने लॉगिन बंद, फक्त डिजिटल किल्लीने (एसएसएच की), हार्डवेअरवाल्यांना वेगळं खातं ज्यातून फक्त प्रिंटरची सेटिंग दिसेल. जुने डबल लिहिलेले कॉलम या महिन्यात काढायचे. आणि आयटीसी-०४ चा (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) रिपोर्ट, एप्रिल ते सप्टेंबरचा, ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या पार्टींना २५ तारखेच्या आत पाहिजे, तो खानापूरची बघतेय.